समुद्र पाचशे किलोमीटर, घड्याळ दोनशे मीटर

उमरेडपासून पाचशे किलोमीटरच्या आत कुठलाच समुद्र नाही. नागपूर जिल्ह्यातल्या या तालुक्याच्या गावाची ओळख म्हणजे खुल्या कोळसा खाणी आणि कऱ्हांडल्याचे वाघ. पण पाणबुड्यांचं महागडं घड्याळ घ्यायची हौस समुद्र पाहून येत नाही. नवं परवडत नाही, म्हणून शोध सुरू होतो जुन्याचा. डायलवर ‘२०० मीटर’ लिहिलेलं असतं, पोलाद चकचकीत असतं आणि विकणारा म्हणतो, बिनधास्त पोहा.

हा दोनशेचा आकडा आधी समजून घ्यायला हवा. पाण्यात दर दहा मीटरला साधारण एका वातावरणाइतका दाब वाढतो, म्हणजे दोनशे मीटरवर तो विसाने वाढलेला असतो. घड्याळाच्या काचेचा व्यास ३० मिलिमीटर धरला, तर तिच्यावर तिथे सुमारे १४४ किलो वजनाइतका भार पडतो. हौसेखातर बुडी मारणाऱ्यांची मर्यादा ४० मीटर मानतात, तारकर्लीला जाऊन शिकलं तरी. मग एवढी ताकद कशाला? कारण हा आकडा नव्या घड्याळाचा असतो. डायव्हिंग घड्याळांसाठीचं आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ ६४२५ किमान शंभर मीटरची क्षमता मागतं, लिहिलेल्या खोलीपेक्षा सव्वापट दाबाखाली चाचणी घेतं आणि ती नमुन्यादाखल नाही, प्रत्येक घड्याळाची. शिवाय गरम पाणी, थंड पाणी, पुन्हा गरम पाणी असा धक्काही देतं. पण ती परीक्षा कारखान्यातून निघतानाची. तीस वर्षांपूर्वी पास झालेलं घड्याळ आज पास होईलच असं नाही.

पोलाद आणि काच सहसा दगा देत नाहीत. दगा देतं ते रबर. मागचं झाकण, काच आणि चावी या तिन्ही जागी पातळ गॅस्केट असतात. कुकरची रिंग जशी वर्षानुवर्षं दाबली जाऊन चपटी आणि कडक होते, शिट्टीऐवजी कडेने वाफ सोडते, तसंच यांचं होतं. दाब काढला तरी रबर मूळ आकारात परतत नाही. उष्णतेत ही झीज आणखी वेगाने होते. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, आणि उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेलं घड्याळ त्याहून कितीतरी जास्त तापतं. घाम आणि खाणीची धूळ चावीच्या आट्यांत जाऊन बसते ती वेगळीच. उमरेडच्या मनगटावर डायव्हिंग घड्याळाचा खरा उपयोग धूळ बाहेर ठेवण्याचा आहे, हे जाहिरातीत सांगत नाहीत! हेलियम बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह तर खोल समुद्रात दिवसेंदिवस दाबाच्या कोठडीत राहणाऱ्यांसाठी असतो. इथे त्याचे जादा पैसे मोजावेत की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं.

रबराची अवस्था बाहेरून दिसत नाही, पण तपासता येते. घड्याळजीकडे प्रेशर टेस्टचं यंत्र असेल तर पाण्याचा थेंबही लागत नाही. बंद कोठडीत हवेचा दाब बदलला की घड्याळाची पेटी मायक्रॉनच्या हिशेबात दबते किंवा फुगते. तशीच राहिली तर ठीक. हळूहळू पूर्ववत होऊ लागली, तर हवा कुठून तरी आत-बाहेर करते आहे. दुसरी, फार साधी परीक्षा वाफेची. घड्याळ ४० ते ४५ अंशांपर्यंत तापवायचं, काचेवर गार पाण्याचा थेंब ठेवायचा आणि मिनिटभराने पुसायचा. काचेच्या आतून धुकं दिसलं, तर दमट हवा आत शिरलेली आहे. खरं तर उमरेडच्या मेमध्ये तापवायची वेगळी सोय करायलाच नको.

मग डायलवरचा उजेड. रात्री किंवा खोल पाण्यात वेळ दिसावी म्हणून काट्यांना चमकणारा लेप देतात आणि घड्याळाचं वय तोच फोडतो. जुन्या लेपात रेडियम असे. त्याचं अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षं आहे, पण त्याच्या माऱ्याने जस्त सल्फाइडचे स्फटिक काही दशकांतच निकामी होतात. उजेड विझतो, किरणोत्सर्ग चालूच राहतो. असं घड्याळ घरी उघडणं म्हणजे ती भुकटी हाताला लावून घेणं. पुढे ट्रिटियम आलं. डायलच्या तळाशी ‘टी स्विस टी’ अशी अक्षरं असली की ते ओळखावं. त्याचं अर्धायुष्य १२.३ वर्षांचं, म्हणजे १९७५च्या डायलवर आज जेमतेम सोळावा हिस्सा उरलाय. त्या सालचं म्हणून विकलं जाणारं घड्याळ दिवा दाखवल्यावर तासन्‌तास लखलखत राहिलं, तर लेप नंतर कुणीतरी भरलाय. दुकानात नोटा तपासायचा निळा दिवा असतो, तो इथे उपयोगी पडतो.

नंतर भरलेला लेप हा दरवेळी गुन्हा नसतो. न सांगता भरणं हा मात्र असतो, आणि या धंद्यात मुंबईचं नाव जगभर झालंय. पुन्हा रंगवलेल्या डायलची, चार घड्याळांचे अवयव जोडून केलेली भारतीय जुनी घड्याळं परदेशी संग्राहक ‘मुंबई स्पेशल’ म्हणून ओळखतात. त्यांत फेवर लूबा पुष्कळ. १७३७ साली सुरू झालेली ही स्विस कंपनी आपल्या आजोबांच्या पिढीची लाडकी. १९६० च्या दशकात तिने ‘बॅथी’ नावाचं घड्याळ काढलं, त्यात पाण्याच्या दाबाने आतला पातळ पडदा दबून काटा थेट खोली दाखवायचा. टायटनने ती २०११ मध्ये विकत घेतली आणि २०२३ मध्ये पुन्हा विकली. अशा नावाला गिऱ्हाईक असतं, म्हणूनच त्याचा रंगही लावला जातो.

फसवणूक फक्त गल्लीबोळातच होते असंही नाही. २०२१ मध्ये जिनिव्हाच्या लिलावात ओमेगाचं एक जुनं स्पीडमास्टर ३१ लाखांहून अधिक स्विस फ्रँकला गेलं. घेणारं होतं खुद्द ओमेगाचं संग्रहालय. दोन वर्षांनी कंपनीनेच जाहीर केलं, की ते वेगवेगळ्या घड्याळांचे भाग जोडून केलेलं होतं आणि त्यात आपल्याच माजी कर्मचाऱ्यांचा हात होता.

सोपी तपासणीही राहून जाते. घड्याळ दिवसाला काही मिनिटं पुढे पळत असेल, तर बिघाड मोठाच असतो असं नाही. मोबाइलच्या स्पीकरमधल्या चुंबकाने केसासारखी बारीक स्प्रिंग भारली जाते आणि तिचे वेढे एकमेकांना चिकटतात. होकायंत्र जवळ नेलं आणि सुई हलली, की समजावं. चुंबकत्व काढायला काही मिनिटं लागतात. यंत्राची टिकटिक ऐकून चाल मोजणारी साधनंही आता घड्याळजींकडे असतात. सेकंदाला आठ ठोके देणाऱ्या यंत्राच्या चक्राचा झोका डायल वर ठेवून २७० अंशांच्या आसपास वा वर भरला, तर ते निरोगी. दोनशेच्या खाली गेला, तर तेल वाळलेलं असण्याची शक्यता धरून साफसफाईचा खर्च किमतीतून आधीच वजा करावा.

एका क्रमाकडे मात्र लक्ष ठेवावं लागतं. यंत्र खरं आहे का हे पाहायला मागचं झाकण उघडावं लागतं, आणि झाकण उघडलं की आधीच्या प्रेशर टेस्टला अर्थ उरत नाही. म्हणून आधी उघडून पाहणं, मग नवी गॅस्केट बसवणं आणि सर्वांत शेवटी टेस्ट. विकणाऱ्याने दाखवलेल्या टेस्टच्या कागदावरची तारीख दुरुस्तीच्या बिलावरच्या तारखेच्या आधीची असेल, तर ती टेस्ट पुन्हा करून मागावी.