गच्चीवरचे ऊन, न्हाणीघरातले ऊन पाणी

न्हाणीघराच्या दाराशी धुमसणारा तांब्याचा बंब आपणांपैकी पुष्कळांस आठवत असेल. एका बंबावर अवघ्या घराची स्नाने उरकत; कोणी केव्हा पाणी घ्यावे, हे ठरविणारी आजी घरात होती. बंगळूरच्या पूर्वेस के. आर. पुरमच्या परिसरात आज ज्या उंच वसाहती उभ्या आहेत, त्यांत आजीचे हे काम कोणी करावयाचे?

समजा, एका वसाहतीत १२० घरे आहेत आणि घरोघरी दोन किलोवॅटचा गीझर आहे. सकाळी सात वाजता ते सारे एकदम चालू झाले, तर रोहित्रावर केवळ स्नानासाठी २४० किलोवॅटचा भार पडतो. नऊच्या सुमारास तो ओसरतो. परंतु तेवढ्या अवधीकरिता जाड तारा नि मोठे रोहित्र वर्षभर पोसावे लागते. घरांचे दोन गट करून वेळा वाटून दिल्या, तर भार निम्म्यावर येतो.

शिवनसमुद्राच्या जलविद्युतीवर १९०५ साली या शहरात दिवे उजळले. पुढे २००७ साली कर्नाटक सरकारने अनेक प्रकारच्या नव्या इमारतींना सौर जलतापक आवश्यक ठरविले. शंभर लिटर पाणी वीस अंशांवरून साठ अंशांवर नेण्यास सुमारे साडेचार युनिट वीज लागते. तेच काम दोन चौरस मीटरचा तापक निरभ्र दिवशी बहुतांशी फुकट करतो.

येथेच एक गफलत होते. ढगाळ दिवसांसाठी टाकीत विजेचे तापक बसविलेले असते आणि त्याचे बटन सहसा कोणी बंद करीत नाही. सायंकाळी गरम पाणी उपसले जाते, त्या जागी थंड पाणी शिरते आणि वीज ते रात्रीतच तापवून ठेवते. सकाळी सूर्य येतो, तो त्याला करावयास कामच उरलेले नसते! छपरावर सौरयंत्र, आणि बिल मात्र पूर्वीसारखेच. उपाय साधा आहे. टाकीतील उष्णता मोजणारे यंत्र व घड्याळ यांची जोड द्यावी. पहाटे पाणी कमी तापलेले आढळले, तरच तासभर वीज सोडावी. पाणी खालच्या मजल्यांपर्यंत येताना नळात निवते, तेव्हा ते फिरविणारा लहान पंपही स्नानाच्या वेळेपुरताच चालवावा.

आता गच्चीची वाटणी. एक किलोवॅटच्या सौरविजेच्या पट्ट्यांना सुमारे दहा चौरस मीटर जागा लागते आणि दिवसाला चारेक युनिट वीज मिळते. ती उष्णता-पंपास दिली, तर तिच्या तिप्पट उष्णता पाण्यात उतरते. हा पंप दुपारी, वीज विपुल असताना चालवून टाकी भरून ठेवावी. गरम पाणी हीच मग साठविलेली वीज होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये आरंभ झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत वसाहतींच्या सामाईक सोयींसाठी प्रतिकिलोवॅट १८,००० रुपयांचे साहाय्य ठेवले गेले.

तापक किती, पट्ट्या किती, हे सभासदांच्या सभेत ठरते. तेथे वरच्या मजल्यावरील मंडळी गळतीची तक्रार मांडतात आणि उन्हाळ्यात पापड कोठे वाळवावयाचे, हेही कोणीतरी विचारतेच. त्या प्रश्नासाठीही नकाशात चार हात जागा राखून ठेवावी.