दरवाजाचा ओरखडा आणि कारागिराची पत

1982 च्या संपानंतर परळ-लालबागच्या गिरण्या एकेक करून बंद पडल्या आणि त्या जमिनींवर कचेऱ्या, मॉल व उंच इमारती उभ्या राहिल्या. फिनिक्स मिलची जागा हे त्याचे ठळक उदाहरण. तेथील वाहनतळांत दरवाजांना पडणारे ओरखडे व पोचे हा आपल्या गॅरेजवाल्या आणि सुटे भाग विकणाऱ्या बंधूंच्या धंद्याचा विषय आहे.

कारण साधे आहे. जुन्या मारुती 800 ची रुंदी 1.44 मीटर होती, इनोव्हा क्रिस्टाची 1.83 मीटर आहे. प्रत्येक गाडीला अडीच मीटर जागा धरली, तर दोन मारुतींमध्ये 106 सेंटिमीटर अंतर उरे. दोन इनोव्हांमध्ये 67 च उरते. दरवाजा उघडला की कड शेजारच्या पत्र्यावर आपटते.

दरवाजाच्या कडेला रबरी पट्टी लावल्यास शेजारची गाडी वाचते. आपला पत्रा वाचवायचा तर दरवाजाच्या सर्वांत फुगीर भागावर बीडिंग हवी. चिकटवण्यापूर्वी जागा धुऊन कोरडी करावी. धूळ राहिली तर पट्टी सुटते.

ओरखड्यावरून नख फिरवून पाहावे. नख अडकत नसेल तर बहुधा पॉलिशने भागते. पत्रा उघडा पडला असेल तर गंज धरण्याआधी प्रायमर व रंग द्यावा. रंग शाबूत असलेला लहान पोचा पुष्कळदा आतून सळईने दाबून काढता येतो. पुट्टी लागत नाही.

कारागीर बंधूंना आमचे सांगणे एवढेच की, पॉलिशच्या कामाला पूर्ण दरवाजा रंगवण्याचे बिल लावू नये. आज कमाई थोडी होईल, पण गिऱ्हाईक टिकेल.