जुझेप्पे बदलत नाही

थट्टेची गाणी हा अभ्यासाचा विषय असू शकतो, असं मानणारे फार नाहीत. संगीताच्या अभ्यासकांना ती उथळ वाटतात आणि समाजशास्त्राचे अभ्यासक तिकडे फिरकत नाहीत. माझ्यासारख्या, कुठल्याच विद्यापीठाचा शिक्का नसलेल्या माणसाला त्यामुळे हे रान मोकळं मिळतं. या रानात मी सर्वांत जास्त रेंगाळलो तो जो डोल्चे याच्या ‘शॅडप यू फेस’ या गाण्यापाशी.

१९८०च्या अखेरीस ऑस्ट्रेलियात आलेलं हे गाणं तिथे आठ आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. फेब्रुवारी १९८१मध्ये ब्रिटनमध्येही ते पहिलं आलं आणि तीन आठवडे हललं नाही. त्याच्यामागे दुसऱ्या क्रमांकावर अडकून पडलं होतं अल्ट्राव्हॉक्स या गटाचं ‘व्हिएन्ना’, एक गंभीर, भारदस्त गाणं. ही गोष्ट ब्रिटिश रसिकांना इतकी लागली की तीस वर्षांनंतर मतदान घेऊन ‘व्हिएन्ना’ला मानाचा पहिला क्रमांक बहाल करण्यात आला!

गाणं आहे जुझेप्पे नावाच्या इटालियन तरुणाचं. आई त्याला लहानपणापासून दटावत आली आहे, आणि ती दटावणी हेच ध्रुवपद. शीर्षकाचा अर्थ साधारण ‘थोबाड आवर’, पण ‘तुझं थोबाड’ऐवजी ‘तू थोबाड’ अशा व्याकरणात. या व्याकरणाला सगळे हसले.

हसण्यासारखं त्यात नेमकं काय आहे? इटालियन भाषेत बहुतेक शब्द स्वरान्त असतात. व्यंजनावर थांबायची जिभेला सवय नसते. म्हणून ‘बिग कार’ म्हणताना मध्ये एक चिमुकला स्वर शिरतो आणि ‘बिगा कार’ होते. आपल्याकडे ‘स्टेशन’चं ‘इस्टेशन’ करणारी जीभ हेच करते, फक्त स्वर शेवटी न लावता सुरुवातीला लावते. म्हणजे कानाला जी चूक वाटते तिच्यात एका भाषेची शिस्त असते. चांगला नकलाकार ती शिस्त पकडतो. वाईट नकलाकार दिसेल त्या शब्दाला शेपूट लावत सुटतो.

आता हे गाणं ज्या देशात वाजलं त्याच्याकडे पाहू. दुसऱ्या महायुद्धात इटली शत्रुपक्षात होती, तेव्हा ऑस्ट्रेलियाने साडेचार हजारांहून अधिक इटालियनांना छावण्यांत कोंडलं. युद्ध संपल्यावर कारखान्यांना आणि धरणांना हात हवे होते. १९५१मध्ये इटलीशी करार झाला आणि माणसं बोटी भरभरून येऊ लागली. बोनेगिला इथल्या छावणीत त्यांना ठेवत. कबूल केलेलं काम मिळेना, तेव्हा १९५२ साली इटालियन तरुणांनी तिथे निदर्शनं केली. १९४७मध्ये इटलीत जन्मलेले जेमतेम तेहेतीस हजार लोक ऑस्ट्रेलियात होते. १९७१मध्ये ते जवळपास दोन लाख नव्वद हजार झाले. त्यांना हिणवायला ‘वॉग’ ही शिवी होतीच.

या काळातला सर्वांत लोकप्रिय विनोदी इटालियन म्हणजे निनो कुलोटा. ‘दे आर अ वियर्ड मॉब’ ही १९५७ची कादंबरी त्याच्या नावावर निघाली. तो मिलानहून आलेला पत्रकार, सिडनीत गवंड्याच्या हाताखाली राबतो, ऑस्ट्रेलियन मुलीशी लग्न करतो आणि शेवटी नव्याने येणाऱ्यांना उपदेश करतो, की इंग्रजी शिका, इथले व्हा. पुस्तक धो धो खपलं, १९६६मध्ये चित्रपटही निघाला. गंमत अशी की निनो कुलोटा नावाचा कुणी माणूसच नव्हता. लेखक होता जॉन ओ’ग्रेडी, जन्माने ऑस्ट्रेलियन. स्थलांतरिताने कसं वागावं हे यजमानानेच पाहुण्याचा मुखवटा लावून सांगितलं होतं. कादंबरी मी हसत वाचली. पण हे कळल्यावर शेवटची पानं घशाखाली उतरेनात.

जुझेप्पे वेगळा आहे. तोही स्वप्नं पाहतो: मोठा नट होईन, टीव्हीवर झळकेन, नवी गाडी घेईन. पण लगेच म्हणतो, मी आहे तसाच राहीन. सगळं मिळवायचं आणि बदलायचं मात्र नाही, असा त्याचा हिशेब. निनोच्या उपदेशाला इतकं चोख उत्तर कुठल्या गंभीर लेखात मला सापडलेलं नाही.

अर्थात डोल्चेही ऑस्ट्रेलियात वाढलेला इटालियन नव्हता. १९४७मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यात तो जन्मला आणि सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मेलबर्नला आला. गाण्यातली दटावणी त्याच्या आजी-आजोबांच्या बोलण्यातून आलेली. म्हणजे मेलबर्नच्या इटालियनांचा म्हणून जगाने ऐकला तो आवाज मुळात ओहायोतल्या घरातला होता. मला हे गौण वाटतं. कुणाच्या घरातलं बोलणं कोण उचलतं आणि किती जवळून, हे महत्त्वाचं. पु. लं.च्या रावसाहेबांचं बेळगावी मराठी आपल्याला हसवतं आणि तरी त्या माणसाविषयीचा आदर तसूभर कमी होत नाही, तो याच जवळिकीमुळे.

तरीही ज्यांना हे गाणं बोचलं असेल त्यांना मी चूक म्हणणार नाही. आडनावावरून ओळखू येणाऱ्या शाळकरी पोराला मधल्या सुट्टीत ही दटावणी कोणत्या सुरात ऐकवली जाऊ शकते, याला फार कल्पनाशक्ती लागत नाही. आणि काळही मोठा चमत्कारिक. २४ ऑक्टोबर १९८० रोजी सिडनी-मेलबर्नमध्ये स्थलांतरितांच्या भाषांतून कार्यक्रम दाखवणारी सरकारी वाहिनी सुरू झाली, आणि काही आठवड्यांतच देशात सर्वांत जास्त वाजू लागला तो मोडक्या इंग्रजीतला जुझेप्पे. कुणाला यात प्रगती दिसेल, कुणाला पीछेहाट.

माझं मत झुकतं ते गाण्यातल्या एका जागेमुळे. मध्येच जुझेप्पे गाणं थांबवतो आणि श्रोत्यांची शिकवणी घेतो. मी अमुक म्हणेन, तुम्ही आरोळी द्यायची, शेवटी सगळ्यांनी मिळून आईचं वाक्य म्हणायचं. ते वाक्य शुद्ध इंग्रजीत म्हटलं तर ताल चुकतो. म्हणून मेलबर्नपासून लंडनपर्यंत, इंग्रजी ज्यांची मातृभाषा ते सगळे, जुझेप्पेच्या आईच्या व्याकरणात ते एका सुरात म्हणत होते.