सुवर्णपदकात सोने किती?

सराफी पेढीवर दागिना आला की आधी त्याचा कस पाहिला जातो, मग वजन होते आणि त्यानंतरच भाव ठरतो. ऑलिम्पिकचे सुवर्णपदक याच रीतीने तपासले तर काय आढळेल? २०२४ साली पॅरिस येथे दिल्या गेलेल्या सुवर्णपदकाचे वजन होते ५२९ ग्रॅम. त्यात सोने मात्र अवघे ६ ग्रॅम, म्हणजे अर्ध्या तोळ्याहून किंचित अधिक. मध्यभागी आयफेल मनोऱ्याच्या जुन्या लोखंडाचा १८ ग्रॅमचा षटकोनी तुकडा, आणि उरलेली सारी चांदी!

यात फसवणूक काहीच नाही. सुवर्णपदकात किमान ९२.५ टक्के चांदी आणि वर सुमारे ६ ग्रॅम सोन्याचा मुलामा, असे प्रमाण उघडपणे ठरलेले आहे. अस्सल सोन्याची पदके शेवटची दिली गेली ती १९१२ साली, स्टॉकहोममध्ये. त्याही आधी, १८९६ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये, पहिल्या आलेल्या खेळाडूला चांदीचे पदक आणि ऑलिव्ह वृक्षाची डहाळी मिळत असे. तिसरा आलेला रिकाम्या हातांनी परते. सुवर्ण, रौप्य, कांस्य हा क्रम १९०४ पासूनचा.

टोकियोच्या पदकांची कथा आणखी निराळी. जपानी नागरिकांनी आपले जुने मोबाइल व विजेची छोटी उपकरणे दान केली. सुमारे ६२ लाख मोबाइलसह जमलेल्या त्या भंगारातून ३२ किलो सोने निघाले. नीरज चोप्रा यांनी २०२१ साली ८७.५८ मीटर भालाफेक करून जिंकलेले पदक याच धातूचे.

मग पदकाचे मोल ठरवायचे तरी कशावर? याचे उत्तर आपल्याच मातीत सापडते. कराडजवळच्या गोळेश्वरचे मल्ल खाशाबा जाधव यांना १९५२ साली हेलसिंकीला जायचे होते. परंतु प्रवासखर्चाची सोय नव्हती. गावकऱ्यांनी वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर स्वतःचे घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. पदक अजून दृष्टीसही पडले नव्हते; तारण होते ते केवळ एका तरुणाच्या मेहनतीचे.

खाशाबांनी कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. कराडला बैलगाड्यांच्या मिरवणुकीने त्यांचे स्वागत झाले. पुढे त्यांनी कोल्हापुरात कुस्त्यांची मैदाने भरवली आणि त्या उत्पन्नातून प्राचार्यांचे घर सोडवले. सन्मान मात्र रेंगाळला. १९८४ साली खाशाबा निवर्तले. अर्जुन पुरस्कार जाहीर झाला तो २००० साली, मरणोत्तर.

भारताला दुसरे वैयक्तिक पदक मिळण्यास ४४ वर्षे लागली. ते १९९६ साली लिअँडर पेस यांनी टेनिसमध्ये मिळवले. महाराष्ट्राच्या खेळाडूला तर तब्बल ७२ वर्षांनी, २०२४ साली, पुन्हा वैयक्तिक पदक लाभले. कोल्हापूर जिल्ह्यातील नेमबाज स्वप्नील कुसाळे यांचे तेही पदक कांस्यच.

सराफाच्या तराजूत कांस्याला फारसा भाव नाही. तरीही त्या एका पदकापायी एका प्राचार्यांनी आपले छप्पर गहाण टाकले होते, आणि एका मल्लाने ते ऋण घाम गाळून फेडले, हा हिशेब घरातील मुलांना अवश्य सांगावा.