वेबसाइट बदलणार कोण?

सिंधुदुर्ग हा राज्यातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून १९९७ साली जाहीर झाला. त्यानंतर तारकर्ली, देवबाग, चिवला, भोगवे या किनाऱ्यांवर घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांना देण्यापासून स्कूबा डायव्हिंगपर्यंत बरेच व्यवसाय उभे राहिले. पाहुणा मुंबई-पुण्याहून मोबाइलवर शोधूनच येतो, त्यामुळे व्यावसायिकाला कधी ना कधी वेबसाइटचा प्रश्न पडतोच. वेबसाइट करून देणाऱ्यांपैकी एक सांगतो, 'वर्डप्रेसवर आठवड्यात देतो.' दुसरा म्हणतो, 'तो पोरखेळ, खरं काम लाराव्हेलमध्ये.' दोघांच्या दरांत बरंच अंतर असतं, आणि महाग ते चांगलं असा हिशेब मालक करून टाकतो. वर्डप्रेस, ड्रुपल, जूमला ही सीएमएस आहेत, म्हणजे लॉगिन करून मजकूर, फोटो, दर कुणालाही बदलता यावेत अशी तयार व्यवस्था. लाराव्हेल, जँगो, रुबी ऑन रेल्स ही फ्रेमवर्क आहेत. प्रोग्रामरला स्वतःचं सॉफ्टवेअर लिहिताना जे भाग पुन्हा पुन्हा लागतात, ते त्यात आधीच लिहून ठेवलेले असतात. या दोहोंतली निवड ही दर्जाची निवड नाही. काम हातात पडल्यानंतर वेबसाइटमध्ये काय बदलत राहणार आणि ते कोण बदलणार, एवढ्यावरच ती ठरायला हवी. बाकीचे वाद बहुतेक गैरसमजातून आलेले आहेत.

पहिला आणि सगळ्यात चिवट गैरसमज असा की सीएमएस ही खालची पायरी आणि फ्रेमवर्क ही वरची. जँगोचा जन्म पाहिला तरी हा समज टिकत नाही. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात लॉरेन्स नावाचं गाव आहे. तिथल्या 'लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड' या वृत्तपत्राच्या वेबसाइट सांभाळता सांभाळता अ‍ॅड्रियन होलोव्हाटी आणि सायमन विलिसन यांनी २००३च्या सुमारास तो घडवला आणि २००५ साली तो सर्वांसाठी खुला झाला. बातमीदारांना रोज मजकूर टाकायचा असल्यामुळे जँगोत मजकूर भरण्याचा तयार पडदा पहिल्यापासून आहे. थोडक्यात, या फ्रेमवर्कच्या पोटातच अर्धं सीएमएस आहे. उलट बाजूनं पाहिलं तर २०१५च्या अखेरीस आलेलं ड्रुपल ८ हे सिम्फनी या फ्रेमवर्कचे भाग घेऊन उभं राहिलं आणि वॅगटेल हे सीएमएस तर जँगोवरच बांधलेलं आहे. अमेरिकी अध्यक्षांच्या व्हाइट हाउसची वेबसाइट २००९मध्ये ड्रुपलवर गेली आणि २०१७मध्ये वर्डप्रेसवर, तेव्हा 'पोरखेळ' हे विशेषण जरा जपूनच वापरावं. आपल्याकडचंच उदाहरण घ्यायचं तर सिंधुदुर्ग जिल्ह्याची सरकारी वेबसाइट राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या 'एस-थ्री-वास' या सेवेवर चालते. देशभरातल्या जिल्ह्यांच्या वेबसाइट याच सेवेवर आहेत. केंद्र स्वतः तिला फ्रेमवर्क म्हणतं, पण ओरोसच्या जिल्हा कार्यालयात बसून सूचना आणि निविदा चढवणाऱ्या कर्मचाऱ्याच्या दृष्टीनं ते सीएमएसच आहे. एकाच वस्तूला दोन्ही नावं लागू पडतात, कारण बांधणारा आणि वापरणारा वेगवेगळ्या टोकांना उभे असतात.

मग निवड कशावर करायची? वेबसाइटमध्ये सतत बदलतो तो मजकूर की नियम, हे आधी पाहावं. मालवण तालुक्यातल्या आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेची तारीख ठरावीक तिथीवर येत नाही. दरवर्षी देवीचा कौल झाल्यावरच ती ठरते, आणि ठरल्या क्षणापासून मुंबईतला चाकरमानी रेल्वेच्या तिकिटामागे लागतो. अशा जत्रेची वेबसाइट करायची तर तारीख कळल्याबरोबर गावातल्याच माणसाला मोबाइलवरून ती टाकता आली पाहिजे. प्रोग्रामरला फोन लावून त्याची वाट बघण्यात अर्थ नाही. होमस्टेचंही तसंच. दिवाळीचे दर, मे महिन्याचे दर, आज कोणती मासळी मिळणार, नवीन खोलीचे फोटो, हा सगळा मजकूर आहे आणि तो वारंवार बदलतो. इथे सीएमएस सोडून दुसरं काही सुचवणारा माणूस स्वतःची सोय पाहतो आहे, असं बिनदिक्कत समजावं. मात्र एखाद्या डायव्हिंग केंद्राला भरती-ओहोटीच्या वेळा पाहून फेऱ्या ठरवायच्या असतील, प्रत्येक होडीत किती जण आणि किती प्रशिक्षकांमागे किती पर्यटक हे आपोआप मोजायचं असेल, तब्येतीची माहिती भरल्याशिवाय पैसेच घ्यायचे नसतील, तर तिथे मजकूर नावापुरता उरतो. खरं काम नियमांचं असतं, आणि ते नियम त्या केंद्राचे स्वतःचे असतात. ते तयार प्लगइनमध्ये, म्हणजे सीएमएसला वरून जोडायच्या भागांमध्ये, बसत नाहीत. बसवायला गेलं की एकावर एक आठ प्लगइन चढतात आणि त्यातलं एक अपडेट झालं की उरलेली रुसतात. होडीतली शेवटची जागा दोघांनी एकाच क्षणी घेतली तर ती एकालाच मिळावी, यासाठी डेटाबेसमधली ती नोंद क्षणभर अडवून धरावी लागते. फ्रेमवर्कमध्ये प्रोग्रामरला हे थोडक्या ओळींत करता येतं.

यावर कुणी म्हणेल, बुकिंगची प्लगइनं वर्डप्रेसलाही आहेतच की. आहेत, आणि खोल्यांसाठी ती पुरतातही. एक खोली, एक रात्र, एक पाहुणा, हा नियम मालवणात आणि मनालीत सारखाच आहे, म्हणून तो तयार मिळतो. अडचण येते ती वेगळ्याच ठिकाणी. एकच खोली स्वतःच्या वेबसाइटवर आणि दोन-तीन बुकिंग कंपन्यांकडेही टांगलेली असते, आणि त्यांची कॅलेंडरं एकमेकांशी ठरावीक अंतरानं जुळतात, त्याच क्षणी नाही. मधल्या वेळात नाताळच्या आठवड्यातली खोली दोनदा जाऊ शकते. फ्रेमवर्क घेऊनही हा गोंधळ आपोआप मिटत नाही, कारण तो कॅलेंडरं जुळवण्याच्या रीतीचा आहे.

सुरक्षेबद्दलचा गैरसमज जास्त महागात पडतो. 'वर्डप्रेस हॅक होतं, फ्रेमवर्क होत नाही' असं सर्रास सांगितलं जातं. २०१७मध्ये अमेरिकेतल्या इक्विफॅक्स या पतमानांकन कंपनीतून सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती चोरीला गेली, ती अपाची स्ट्रट्स या फ्रेमवर्कमधल्या भोकातून. ते बुजवणारी दुरुस्ती मार्चमध्येच आली होती. कंपनीनं ती वेळेत बसवली नाही आणि मे महिन्यात चोर आत शिरले. सीएमएसच्या बाजूनं याच जातीची घटना ऑक्टोबर २०१४ची. ड्रुपलमधली एक गंभीर त्रुटी जाहीर झाली आणि काही तासांत हल्ले सुरू झाले. घोषणेनंतर सात तासांच्या आत दुरुस्ती केली नसेल तर आपली वेबसाइट फुटली आहे असंच धरून चाला, असं ड्रुपलच्याच सुरक्षा गटानं नंतर सांगितलं. दोन्हीकडे गुन्हेगार एकच, रखडलेलं अपडेट. वर्डप्रेसवर हल्ले जास्त होतात हे खरं आहे. जगातल्या चाळीस टक्क्यांहून अधिक वेबसाइट त्यावर चालतात, त्यामुळे एका प्लगइनचं भोक सापडलं की हजारो दारं एकदम ठोठावता येतात. त्रुटी निघतात त्याही बहुतेक प्लगइन आणि थीममध्ये, मूळ वर्डप्रेसमध्ये क्वचित. पण त्याच गर्दीमुळे त्रुटी लवकर उघडकीला येते, आणि २०१३च्या ३.७ आवृत्तीपासून मूळ वर्डप्रेसच्या छोट्या सुरक्षा दुरुस्त्या आपोआप बसतात. फ्रेमवर्कवर एकट्यानं लिहिलेल्या कोडवर असा घाऊक हल्ला सहसा होत नाही, हे मान्य. पण त्यात चूक राहिली असेल तर ती सांगणारंही कुणी नसतं. पावसाळ्यात सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी वाहतूक आणि जलक्रीडा बंद असतात. वर्षाची मोठी अपडेट, बॅकअप, नको ती प्लगइन काढून टाकणं, या कामांना याहून सोयीचा काळ कुठल्या व्यवसायाला मिळणार?

खर्चाच्या बाबतीत 'वर्डप्रेस फुकट' हे अर्धसत्य आहे. फुकट तर लाराव्हेल आणि जँगोही आहेत. तिन्ही मुक्त परवान्यांवर मिळतात. पैसे जातात ते होस्टिंगला, डोमेनला, दरवर्षी नूतनीकरण मागणाऱ्या प्लगइनांना आणि मुख्य म्हणजे माणसाला. लाराव्हेलच्या प्रत्येक मुख्य आवृत्तीला सुरक्षा दुरुस्त्या साधारण दोन वर्षं मिळतात, म्हणजे दर दोन वर्षांनी जाणता माणूस हाताशी हवा. सीएमएसही अमर नसतं. ड्रुपल ७ जानेवारी २०११मध्ये आलं आणि ५ जानेवारी २०२५ला त्याचा आधार संपला. फरक इतकाच की बांधणारा गाव सोडून गेला तर वर्डप्रेस हाताळणारा दुसरा माणूस लवकर सापडतो, आणि कुणाचं तरी अर्धवट लिहिलेलं कोड वाचायला तयार होणारा महाग पडतो. खरोखर फुकट मिळणाऱ्या गोष्टींचं काय होतं, तेही पाहण्यासारखं आहे. गुगल बिझनेस प्रोफाइलसोबत मिळणाऱ्या फुकट वेबसाइट गुगलनं मार्च २०२४मध्ये बंद केल्या. ज्यांचं स्वतःचं डोमेन होतं त्यांनी नवीन वेबसाइटला तोच पत्ता दिला. ज्यांचं नव्हतं त्यांच्या कार्डांवर छापलेला पत्ता निरुपयोगी झाला. डोमेन वेबसाइट बनवणाऱ्याच्या नावावर असेल तरी जवळपास हीच गत होते.

वेगाचा मुद्दा लवकर आटोपण्याजोगा आहे. होमस्टेची वेबसाइट हळू उघडते ती बहुधा फोनमधून काढलेले चार-पाच एमबीचे फोटो जसेच्या तसे चढवल्यामुळे. तेच फोटो तेवढ्याच आकारात जँगोवर टाकले तरी पाहुणा तेवढाच ताटकळेल. मराठीचा मुद्दा मात्र सहसा कुणी विचारत नाही, आणि तिथे दोन्हीकडे खाचखळगे आहेत. वर्डप्रेस पानाचा पत्ता शीर्षकावरून तयार करतं. देवनागरीचं एकेक चिन्ह पत्त्यात नऊ अक्षरांची जागा खातं आणि मर्यादा दोनशेची, म्हणून काना-मात्रा धरून बाविसाव्या चिन्हाच्या आसपास शीर्षक तुटतं. जँगोचं पत्ता बनवणारं साधन मूळ स्थितीत देवनागरी सरसकट गाळतं. युनिकोडची मुभा दिली तरी काना, वेलांटी, हलन्त उडतात आणि 'तारकर्ली'ची 'तरकरल' होते. उपाय दोन्हीकडे आहेत, पण ते करून घ्यावे लागतात. मराठीत वेबसाइट हवी असेल तर काम देतानाच हे बोलून घ्यावं.

शेवटचा आक्षेप दूरदृष्टीचा वाटतो. उद्या धंदा वाढला तर सगळं पुन्हा बांधावं लागेल, मग आजच फ्रेमवर्क का नको? एक तर वाढ कोणत्या दिशेनं होईल हे आज माहीत नसतं. दोन खोल्यांचा मालक पुढे आणखी खोल्या बांधेल की देवगडच्या आत्याच्या बागेतला हापूस विकू लागेल, हे प्रोग्रामरला आज कसं कळणार? नियम ठरण्याआधी लिहिलेलं कोड पुढे मोडावंच लागतं. दुसरं, सीएमएसमध्ये भरलेला मजकूर अडकून पडत नाही. वर्डप्रेसमधून सगळी पानं एका फाइलमध्ये बाहेर काढता येतात, आणि डिसेंबर २०१६च्या ४.७ आवृत्तीपासून दुसऱ्या कुठल्याही सॉफ्टवेअरला तो मजकूर थेट मागता येतो. त्यामुळे गरज पडलीच तर माहितीची पानं वर्डप्रेसवर जशीच्या तशी ठेवून फक्त होड्यांचं बुकिंग वेगळ्या उपडोमेनवर फ्रेमवर्कमध्ये बांधून घेता येतं. दर आणि फोटो घरातलं कुणीही बदलतं, आणि प्रोग्रामरला पैसे द्यावे लागतात ते फक्त नियम बदलले तर.