मागच्या एक्सलवरचे ब्रॅकेट काढताना

1964 मध्ये आलेल्या पहिल्या पिढीतल्या फोर्ड मस्टँगला व्ही-8 इंजिन असेल, तर मागे बहुधा 8 इंची क्राउनचा एक्सल असतो. मूळ इंजिनाला तो पुरतो, पण इंजिनाची ताकद वाढवली की कमी पडतो. यावर अमेरिकेतल्या मस्टँगवाल्यांचा एक रुळलेला उपाय आहे. भंगारात निघालेल्या फोर्ड एक्सप्लोररचा 8.8 इंची एक्सल आणायचा. 1995 ते 2001 या काळातल्या एक्सप्लोररचा असेल तर त्याला डिस्क ब्रेकही मिळतात, आणि त्याची रुंदी 1967 नंतरच्या मस्टँगला जवळपास जुळते. अडचण ब्रॅकेटची. पाट्यांच्या बैठका आणि शॉकॲब्सॉर्बरचे कान एक्सप्लोररच्या मापाने ट्यूबला वेल्ड केलेले असतात. ते काढून मस्टँगच्या मापाने नव्या बैठका लावाव्या लागतात.

हे काम वरवर सोपं दिसतं, म्हणूनच त्यात चांगले एक्सल वाया जातात. ब्रॅकेट भंगारात जाणार, त्याचं काय होईल याची फिकीर नको. ट्यूब मात्र पुढची कित्येक वर्षं गाडीचं वजन पेलणार आहे. प्रत्येक कृती ट्यूबच्या बाजूने पाहिली, तर या कामाभोवतीचे बहुतेक गैरसमज लगेच उघडे पडतात.

‘गॅस कटरने पाच मिनिटांत उडवता येतो’

उडवता येतो, पण ज्वाळेला ब्रॅकेट कुठे संपला आणि ट्यूब कुठे सुरू झाली हे कळत नाही. दोन्ही पोलादच. हात जरा रेंगाळला की ट्यूबमध्ये खड्डा पडतो किंवा आरपार भोक पडतं. प्लाझ्मा कटरचंही तेच. गॅसने फक्त वेल्ड कोरून काढणारे कसबी कारागीर आहेत, त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण ते कसब पहिल्यांदा आजमावण्याची जागा जुन्या गाडीचा एक्सल नव्हे.

सुरक्षित रीत संथ आहे. आधी कटिंग डिस्कने ब्रॅकेटचा मोठा भाग वेल्डच्या काही मिलिमीटर वर कापून टाकायचा. खाली बुंधा उरतो. मग ग्राइंडिंग डिस्कने वेल्ड उतरवायचा, ट्यूब नाही. कोपऱ्यात मारलेल्या वेल्डमध्ये ब्रॅकेटची फक्त कड वितळून ट्यूबशी एकजीव झालेली असते. ब्रॅकेटचा आतला भाग ट्यूबला नुसता टेकलेला असतो. त्यामुळे वेल्ड पुरेसा उतरला की दोघांमधली फट केसाएवढ्या काळ्या रेघेसारखी दिसू लागते. ती दिसली की ग्राइंडर थांबवायचा आणि छिन्नी-हातोडा घ्यायचा. दोन-चार ठोक्यांत बुंधा निघत नसेल तर कुठेतरी वेल्ड शिल्लक आहे. ती जागा शोधून तेवढीच घासायची. उरलेली किनार फ्लॅप डिस्कने आणि शेवटी कानशीने उतरवायची. शेवटचा अर्धा मिलिमीटर कानशीने काढावा असं मी आग्रहाने सांगेन, कारण कानस एका झटक्यात घात करत नाही.

‘थोडंफार ट्यूबला लागलं तर काय बिघडतं?’

हा सर्वांत महागडा गैरसमज, म्हणून इथे जरा थांबू. अखंड एक्सलवर भार कसा येतो ते पाहा. चाकं दोन्ही टोकांना वर ढकलतात, पाटे आतल्या बाजूला खाली दाबतात. एक्सलची टोकं वर आणि मधला भाग खाली असा तो वाकू पाहतो. म्हणजे ट्यूबची वरची बाजू दाबली जाते आणि खालची ताणली जाते. थकव्याची चीर धरते ती ताणाच्या बाजूला. एक्सप्लोररच्या एक्सलखाली पाटे असतात, म्हणून त्याच्या बैठका ट्यूबच्या नेमक्या खालच्या बाजूला आहेत. जिथे ग्राइंडर चालवायचा तीच सर्वांत जास्त ताणाची जागा.

एरवी ताण सगळ्या पृष्ठभागावर पसरतो, पण धारदार ओरखड्याच्या तळाशी तो एकवटतो. रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा तिथे एक झटका देतो, आणि असे लाखो झटके बसले की चीर सुरू होते. म्हणून ओरखडा किती खोल यापेक्षा त्याची कड किती तीक्ष्ण आणि दिशा कोणती, हे आधी पाहावं. ट्यूबला आडवा गेलेला ओरखडा लांबीच्या दिशेने गेलेल्यापेक्षा कितीतरी घातक. शेवटची घासाई नेहमी ट्यूबच्या लांबीला समांतर करावी. उथळ खाच पडलीच तर आजूबाजूचा भाग हलकेच उतरवून ती पसरट करावी.

तिथे वेल्ड भरून सारखं करण्याचा मोह होतो. तो टाळावा. भरलेला वेल्ड थंड होताना आकसतो, ट्यूबला आपल्याकडे ओढतो आणि शेजारी तापून बदललेल्या धातूचा नवा पट्टा तयार करतो. उथळ खाचेवर हा इलाज मूळ दुखण्याहून वाईट. खाच खोल असेल, तर ट्यूबची जाडी अल्ट्रासॉनिक गेजने मोजून मगच काय करायचं ते ठरवावं. जुन्या वेल्डच्या कडेला आधीची चीर असू शकते. साफ झालेल्या जागेवर डाय पेनिट्रंट मारून पाहावं. लाल रंग चिरेत शिरतो आणि पांढऱ्या डेव्हलपरवर रेघ उमटते.

याउलट एक भीती निराधार आहे. ग्राइंडरखाली ट्यूब जराशी निळी पडली की काहींना वाटतं पोलाद मेलं. साधारण 300 अंश सेल्सियसच्या आसपास पोलादावर हा निळा ऑक्साइडचा पातळ थर येतो. ट्यूब कमी कार्बनच्या साध्या पोलादाची असते. तिला मुळात पाणी दिलेलं नसतं, तेव्हा उतरणार काय? आतल्या शाफ्टची गोष्ट वेगळी. ते कडक केलेले असतात, म्हणून कामाआधी बाहेर काढावेत. 8.8 चे शाफ्ट डिफरन्शियलच्या आतल्या सी-क्लिपांनी अडकवलेले असतात. मागचं झाकण उघडून, मधली पिन काढून त्या सोडवाव्या लागतात. चाकाकडून ओढत बसू नये.

‘गाडीखाली झोपूनच उरकू’

नको. जुन्या मस्टँगची पेट्रोल टाकी एक्सलच्या लगेच मागे असते आणि टाकीचा वरचा पत्रा हाच डिकीचा तळ असतो. ठिणग्यांना याहून वाईट शेजार नाही. शेजारीच ब्रेकचे रबरी होज असतात. एक्सल बाहेर काढा, तेल पूर्ण काढून टाका आणि ब्रीदर उघडा ठेवा, म्हणजे तापल्यावर आत वाफ कोंडणार नाही. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनरने धातू पुसून वेल्डिंग केलं, तर फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो. जस्त चढवलेल्या ब्रॅकेटवर ज्वाळा नेली तर जस्ताच्या धुराने ताप येतो. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून ती धूळ हवेने फुंकायची नाही. चार इंची ग्राइंडर मिनिटाला सुमारे 11,000 फेरे घेतो. गार्ड काढून त्यावर काम करणं मला कोणत्याही घाईत मान्य नाही.

‘काढताना एक्सल वाकत नाही, लावताना वाकतो’

दोन्ही वेळा हलू शकतो. कारखान्यातला वेल्ड थंड होताना आकसून ट्यूबमध्ये एक ओढ सोडून गेलेला असतो. तो काढला की ती ओढ बदलते, पण ट्यूब आपोआप सरळ होईल याची खात्री नाही. नव्या बैठका खालून वेल्ड केल्या की टोकं खाली ओढली जातात आणि चाकांचे वरचे भाग बाहेर कलतात. म्हणून काढण्यापूर्वी, काढल्यावर आणि लावल्यावर अशा तिन्ही वेळा माप घ्यावं. बेअरिंगच्या जागी अचूक चकत्या बसवून त्यांतून सरळ दांडा घातला, की वाक लगेच कळतो.

इथे भारतातल्या वाचकांसाठी एक गोष्ट. अँबॅसिडर आणि पद्मिनीचा मागचा एक्सलही अखंड आणि पाट्यांवरच बसवलेला आहे, त्यामुळे ट्यूबबद्दल वर लिहिलेलं त्यांनाही लागू पडतं. पण गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 ची बंधनं आहेत. 50 वर्षांवरच्या गाड्यांसाठी 2021 मध्ये आलेल्या व्हिंटेज नोंदणीच्या नियमांतही गाडी मूळ रूपात असण्याची अट आहे. दुसरा एक्सल बसवण्यापूर्वी याची चौकशी करावी. नंतर कुणी वेल्ड केलेला जादा ब्रॅकेट काढून एक्सल मूळ रूपात आणायचा असेल, तर ते काम या अटीच्या दिशेनेच जातं.

राहिला बैठकांचा कोन. जुन्या बैठकेचा कोन मोजून तोच नव्याला द्यायचा, ही समजूत चुकीची आहे. तो एक्सप्लोररच्या प्रॉपेलर शाफ्टसाठी ठरलेला होता. मस्टँगमध्ये बैठका आधी सैल ठेवून एक्सल पाट्यांवर बसवायचा, गाडीचं वजन चाकांवर येऊ द्यायचं आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टशी पिनियन समांतर आणायचा. वेग घेताना पाटे पिळवटून पिनियनचं तोंड वर उचलतात, म्हणून ते एक-दोन अंश खाली ठेवायचं. मग बैठकांच्या जागेवर खूण करायची, एक्सल पुन्हा बाहेर काढायचा, शाफ्टही काढून घ्यायचे, टॅक मारायचे आणि पूर्ण वेल्डिंग छोट्या तुकड्यांत करायचं. एक तुकडा डावीकडे, एक उजवीकडे, मधे ट्यूब हाताला सोसेल इतकी निवू द्यायची.