मिरजेच्या गळ्यातली नक्षी

गिटारच्या पट्टीवर तिसऱ्या, पाचव्या, सातव्या, नवव्या आणि बाराव्या घरात शिंपल्याचे ठिपके चमकतात. दिसायला ते निव्वळ शोभेचे, पण वाजवणाऱ्याच्या डाव्या हाताला वाट तेच दाखवतात. बाराव्या घरात बहुधा दोन ठिपके असतात, कारण तिथे सप्तक पुरे होते. हे जमते ते गिटारचे पडदे धातूचे आणि लाकडात कायमचे ठोकलेले असतात म्हणून. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले. राग बदलला की काही पडदे वरखाली सरकवावे लागतात. आज बरोबर असलेला ठिपका उद्या चुकीचा ठरेल. तंबोऱ्याला तर पडदेच नाहीत.

त्यामुळे मिरजेची वाद्ये पाहताना नक्षी वेगळ्याच ठिकाणी शोधावी लागते. दांडी आणि भोपळा जिथे एकत्र येतात तो गळा, तबलीची, म्हणजे भोपळ्याच्या तोंडावरच्या लाकडी पाटीची कड, दांडीच्या दोन्ही बाजू. यांतली तबलीची पट्टी नुसती नटवी नव्हे; भोपळा आणि तबली यांची सांध ती झाकते. गळ्याभोवतीची वेलबुट्टी मात्र केवळ हौस, आणि कारागिराचा हात ओळखायचा तो तिथेच.

मिरजेत हे काम एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून चालते. फरीदसाहेब शिकलगार हे या परंपरेचे मूळ पुरुष मानले जातात. शिकलगार म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारे. संस्थानी लढाया सरल्या आणि पोलाद घासणारे हात लाकडाकडे वळले. पुढे आडनावच सतारमेकर झाले, गल्लीही त्याच नावाने ओळखली जाऊ लागली. गायक अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहायला आले, तेव्हा कारागिरांना दारातच चोखंदळ कान मिळाला. भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतांतून. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

पूर्वी उंची वाद्यांवर हस्तिदंत जडवत. भारतीय हस्तिदंताचा व्यापार 1986 च्या कायदादुरुस्तीने बंद झाला, 1989 मध्ये आफ्रिकी हत्तीलाही आंतरराष्ट्रीय संरक्षण मिळाले. पण त्याच्या कितीतरी आधी सेल्युलॉइड आले होते. अमेरिकेतल्या जॉन हायट यांनी 1870 मध्ये त्याचे पेटंट घेतले, तेही बिलियर्डच्या चेंडूंसाठी हस्तिदंताला पर्याय शोधताना. पांढरा पत्रा गरम केला की वळतो, कोरता येतो आणि कोरलेल्या रेषेत काळा रंग भरला की नक्षी उठून दिसते. प्लॅस्टिक म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी एकदा गळ्याची दुहेरी वक्रता पाहावी. त्यावर पट्टी फट न ठेवता बसवणे सोपे नाही.

शिंपला असा वळत नाही. तो काचेसारखा तुटतो. त्याची चमक रंगाची नसतेच: अरॅगोनाइटच्या अर्ध्या मायक्रॉनच्या पापुद्र्यांवर पापुद्रे चढलेले असतात आणि त्यांतून परतणारा प्रकाश एकमेकांत मिसळतो. गिटार बनवणारा सुमारे दीड मिलिमीटर जाडीचा तुकडा सोनाराच्या करवतीने कापतो, त्याच आकाराची खाच कोरतो आणि उरलेली फट एबनीचा भुसा कालवलेल्या इपॉक्सीने बुजवतो. घासताना उडणारी धूळ फुफ्फुसांना घातक, म्हणून पाणी आणि मास्क हवेतच. अमेरिकेच्या मार्टिन कंपनीने 1904 मध्ये काढलेल्या 45 क्रमांकाच्या शैलीत गिटारच्या सगळ्या कडांना अबालोनीचा शिंपला आहे. तिथेही वळणावर शिंपला वाकत नाही. छोटे तुकडे एकापुढे एक लावून वळण साधावे लागते.

आपल्याकडे शिंपल्याचे जडावकाम जुनेच; फत्तेपूर सिक्रीत सलीम चिश्तींच्या कबरीवरची लाकडी छत्री त्यानेच मढवलेली आहे. मात्र आता हवा तो शिंपला वापरता येत नाही. 2001 मध्ये भारताने नॉटिलस, ट्रोकस, टर्बो मार्मोरेटस अशा काही समुद्री जातींना वन्यजीव कायद्याचे संरक्षण दिले.

मोठ्या गिटार कारखान्यांत शिंपला आणि त्याची खाच दोन्ही संगणकावर चालणारे यंत्र कापते. मिरजेत ते अवघड, कारण भोपळा शेतात वाढतो आणि दोन भोपळे एका मापाचे येत नाहीत. तबली भोपळ्याच्या तोंडाप्रमाणे, पट्टी तबलीप्रमाणे.

घरातली जुनी सतार परदेशी न्यायची असेल तर कडेची पट्टी आधी भिंगाखाली पाहून घ्यावी. हत्तीच्या दाताच्या आडव्या छेदात एकमेकींना छेदणाऱ्या तिरप्या रेषा दिसतात. नकली हस्तिदंतातल्या रेषा समांतर आणि फारच शिस्तीत असतात. शंका राहिली तर जाणकाराला दाखवावे. तापलेली सुई टोचून पाहण्याचा जुना उपाय मात्र करू नये. सेल्युलॉइड भपकन पेट घेते.